योना, निनवे आणि एक न मिटलेलें भांडण

योनाची गोष्ट ज्याच्या कानांवर गेली नाहीं असा मनुष्य विरळा. परंतु ज्याला ती ठाऊक असते त्याला बहुधा मासाच तेवढा ठाऊक असतो. देवाच्या आज्ञेपासून पळणारा संदेष्टा, समुद्रांतलें वादळ, त्याला गिळणारा प्रचंड मत्स्य आणि तिसऱ्या दिवशीं त्याचें कोरड्या जमिनीवर येणें, एवढ्यावर मुलांच्या पुस्तकांतली कथा संपते. मूळ ग्रंथ उघडला म्हणजे निराळेंच दिसतें. 'योना' हें जुन्या करारांतील अवघ्या चार अध्यायांचें व ४८ वचनांचें पुस्तक. त्यांत माशाचा उल्लेख करणारीं वचनें फक्त तीन. मासा हें येथें केवळ वाहन आहे. खरा प्रसंग चौथ्या अध्यायांत आहे, आणि तो भांडणाचा आहे. एक भक्त आपल्या देवाशीं भांडतो. आणि भांडणाचा विषय काय, तर देवानें क्षमा कां केली!

हें भांडण क्षुल्लक नव्हे. तें समजून घ्यावयाचें तर योना कोण आणि निनवे म्हणजे काय, हें आधीं पाहिलें पाहिजे.

'राजे' या ग्रंथाच्या दुसऱ्या भागांत, चौदाव्या अध्यायांत, अमित्तयाचा पुत्र योना याचा उल्लेख येतो. तो गालील प्रांतांतील गथ-हेफेर गांवचा. उत्तरेकडील इस्राएल राज्यावर त्या वेळीं दुसरा यराबाम राज्य करीत होता; हा काळ इ. स. पूर्व आठव्या शतकाच्या पूर्वार्धाचा. या राजाचें वर्तन परमेश्वराच्या दृष्टीनें वाईट होतें, असें तोच ग्रंथ स्पष्टपणें सांगतो. तरीहि त्याच्या राज्याच्या गेलेल्या सीमा परत मिळतील असें भाकित योनानें केलें, आणि तें खरें ठरलें. कारण काय? राजा चांगला होता म्हणून नव्हे, तर प्रजेचें दुःख परमेश्वरानें पाहिलें म्हणून. हा दोन-चार ओळींचा मजकूर टीकाकार पुष्कळदां ओलांडून जातात. तसें करूं नये. अपात्रावर होणारी दया योनाला नवीन नव्हती. स्वतःच्या राष्ट्राच्या बाबतींत ती त्यानें स्वतःच्याच तोंडानें जाहीर केली होती.

आतां निनवे. तैग्रीस नदीच्या पूर्व तीरावर, आजच्या इराकांतील मोसल शहराच्या समोर, हें नगर होतें. अश्शूर साम्राज्याची ही शेवटची आणि सर्वांत भव्य राजधानी. या साम्राज्याच्या क्रौर्याविषयीं शत्रूंच्या सांगण्यावर विसंबण्याचें कारण नाहीं. कारण अश्शूरच्या राजांनीं तें आपल्याच हातांनीं दगडावर कोरून ठेवलें आहे. इ. स. पूर्व ८८३ ते ८५९ या काळांत राज्य करणारा दुसरा असुरनासिरपाल बंडखोरांचीं कातडीं सोलून तीं भिंतींवर लावल्याचें आणि छिन्न मस्तकांचे ढीग रचल्याचें वर्णन मोठ्या अभिमानानें करतो. त्याचा पुत्र तिसरा शल्मनेसर याच्या काळ्या स्तंभावर इस्राएलचा राजा येहू जमिनीला कपाळ टेकून खंडणी देत असल्याचें चित्र आहे. हा स्तंभ १८४६ सालीं निमरूद येथें लेयार्ड या इंग्रज संशोधकाला सांपडला. पुढें इ. स. पूर्व ७२२ च्या सुमारास योनाचें मायदेशचें राज्यच नाहींसें झालें. शोमरोन ही राजधानी पडली आणि तेथून २७,२९० माणसें उचलून नेल्याचा आंकडा सर्गोन राजाच्या लेखांत आहे. जीं गेलीं तीं परत आलीं नाहींत.

त्यानंतर वीस-एकवीस वर्षांनीं दक्षिणेकडील यहूदाच्या राज्यावर पाळी आली. इ. स. पूर्व ७०१ मध्यें सन्हेरीब चालून आला. ४६ तटबंदीचीं नगरें आपण घेतलीं व २,००,१५० माणसें बंदी केलीं, असें तो लिहितो. आंकड्यांत राजांची फुशारकी असेल. पण लाखीश नगराचें काय झालें हें त्यानें नुसतें लिहिलें नाहीं, तें निनवेच्या राजवाड्यांतील एका दालनाच्या भिंतींवर कोरून घेतलें. लेयार्डला १८४७ पासून या राजवाड्याचे अवशेष हातीं आले, आणि ते शिल्पपट आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें आहेत. तटावर चढविलेला मातीचा उतार, त्यावरून वर ढकलीत नेलेलीं तट फोडण्याचीं यंत्रें, वरून जळते पलिते फेंकणारे रक्षक, सर्व कांहीं त्यांत आहे. शूलावर चढविलेलीं तीन नग्न माणसें आहेत. जमिनीवर हातपाय ताणून ज्यांची कातडी सोलली जात आहे असे कैदी आहेत. आणि या सर्वांच्या शेजारून बैलगाडींत गांठोडीं रचून, त्यांवर बायकामुलें बसवून, एकेक कुटुंब गांव सोडून चाललें आहे. शिल्पकाराचा हात कुशल होता यांत शंका नाहीं. बैलांच्या फासळ्यासुद्धां मोजून घ्याव्या. सिंहासनावर बसलेला राजा हें सगळें पाहत आहे. १९३० नंतरच्या दशकांत लाखीशच्या जागीं उत्खनन झालें तेव्हां गुहांतून सुमारें दीड हजार माणसांचे अवशेष निघाले. ते याच वेढ्यांतले असावेत असें अनेक संशोधकांचें मत आहे. तो मातीचा उतारहि तेथें अद्याप उभा आहे.

तर असें हें निनवे.

योनाचें पुस्तक मात्र यराबामाच्या काळीं लिहिलेलें नाहीं. त्याच्या हिब्रू भाषेंत पुढच्या काळचीं वळणें आहेत. यराबामाच्या वेळीं अश्शूरची राजधानी निनवे नसून कल्हू, म्हणजे आजचें निमरूद, होती. आणि अश्शूरच्या सम्राटाला 'निनवेचा राजा' म्हणण्याची चाल त्या काळच्या लेखांत नाहीं. इ. स. पूर्व पांचव्या किंवा चौथ्या शतकांत हें पुस्तक लिहिलें गेलें असावें असें बहुतेक विद्वान् मानतात. हें ध्यानांत ठेवलें कीं कथेचें वजन एकदम वाढतें. कारण त्या काळच्या श्रोत्याला शोमरोन ठाऊक होतें, लाखीश ठाऊक होतें, आणि बाबेलच्या बंदिवासांतून तो स्वतः किंवा त्याचे वाडवडील नुकतेच परतले होते. त्याच्यापुढें कथाकार उभा राहिला आणि म्हणूं लागला कीं, एकदां परमेश्वरानें निनवेला क्षमा केली होती. पहिलेंच वाक्य ऐकून श्रोत्यांत किती जणांनीं मान फिरविली असेल, याची कल्पना करावी.

कथा सुरू होते ती पळापळीनें. निनवे पूर्वेला, योनानें याफो बंदर गांठून पश्चिमेच्या टोंकाला तार्शीशकडे जाणाऱ्या जहाजाचें भाडें भरलें. पळण्याचें कारण कथाकार या ठिकाणीं सांगत नाहीं. तें त्यानें चौथ्या अध्यायासाठीं राखून ठेवलें आहे. वाचकाला वाटतें, योना भ्याला. पुढें वादळ झालें. जहाजावरचे खलाशी परके, निरनिराळ्या देवांना हांक मारणारे. पण कथाकारानें त्यांचें चित्र मोठ्या आदरानें काढलें आहे. चिठ्ठ्या टाकल्यावर योनाचें नांव निघालें. आपल्याला समुद्रांत टाकून द्या असें तो स्वतः सांगूं लागला. तरीहि त्या माणसांनीं वल्हीं मारून जहाज किनाऱ्याला लावण्याचा होईल तेवढा यत्न केला. एका अनोळखी माणसाचा जीव जाऊं नये म्हणून मूर्तिपूजक झटत होते, आणि एका सबंध नगराचा जीव वांचूं नये म्हणून देवाचा माणूस पळत होता.

माशाच्या पोटांतून सुटल्यावर दुसऱ्यांदा आज्ञा झाली तेव्हां योना निनवेस गेला. तीन दिवसांच्या वाटेएवढें मोठें नगर, असें कथा म्हणते. प्रत्यक्षांत निनवेच्या तटाचा घेर सुमारें बारा किलोमीटरांचा. म्हणजे दमानें चालणारा मनुष्य सकाळीं निघून दुपारपर्यंत प्रदक्षिणा पुरी करील. परंतु कथेला गज लावून पाहणें हें शहाणपणाचें काम नव्हे. योनाचें प्रवचन मूळ हिब्रूंत केवळ पांच शब्दांचें आहे. चाळीस दिवसांनीं नगर उलथणार, एवढेंच तो सांगतो. पश्चात्ताप करा असें म्हणत नाहीं, देवाचें नांवहि घेत नाहीं. गंमत अशी कीं, 'उलथणें' या अर्थाचें जें हिब्रू क्रियापद येथें आहे, तेंच सदोम नगराच्या नाशाच्या कथेंत आहे. आणि त्याचा दुसरा अर्थ 'पालटणें' असाहि होतो. योनाच्या मनांत पहिला अर्थ होता. घडला दुसरा. राजा सिंहासनावरून उतरून राखेंत बसला, माणसांबरोबर गुरांनींहि उपास करावा व गोणपाट नेसावें असें फर्मान निघालें, आणि नगर वांचलें. अश्शूरच्या हजारों लेखांत अशा पश्चात्तापाची कोठेंहि नोंद नाहीं. ती शोधीत बसणाऱ्यांचे श्रम व्यर्थ होत. कथाकाराला बातमी द्यावयाची नाहीं, त्याला एक प्रश्न विचारावयाचा आहे.

नगर वांचलें आणि योनाच्या अंगाचा तिळपापड झाला. आतां कोठें तो आपल्या पळण्याचें कारण सांगतो. तो भ्याला नव्हता. देव दयाळू आहे, मंदक्रोध आहे, शिक्षा करतां करतां हात आवरतो, हें त्याला पहिल्यापासून माहीत होतें. आणि हें माहीत होतें म्हणूनच त्याला निनवेस जावयाचें नव्हतें. या लोकांना आपल्या हातून सुटका मिळावी, त्यापेक्षां मेलेलें बरें, असें तो तोंडावर बोलतो.

येथें एक बारीक गोष्ट आहे. देवाच्या गुणांची ही जी माळ योना म्हणतो, ती 'निर्गम' ग्रंथाच्या चौतिसाव्या अध्यायांतली आहे. सोन्याच्या वासराच्या पापानंतर मोशेपुढें परमेश्वरानें आपलें स्वरूप सांगितलें, तें हें. तेथें दयेच्या जोडीला 'सत्य' हा शब्द आहे, आणि दोषी माणसाला निर्दोष ठरविणार नाहीं असेंहि पुढें बजावलेलें आहे. योनाच्या तोंडीं हीं दोन्ही पदें नाहींत. 'सत्य' होतें त्या जागीं 'हात आवरणारा' आलें आहे. माळेचें हेंच रूप योएलाच्या पुस्तकांतहि आढळतें, तेव्हां यावर फार भार देतां येणार नाहीं. तरीपण योनाच्या बापाचें अमित्तय हें नांव 'सत्य' याच शब्दापासून निघालेलें आहे, हें कोणत्याहि हिब्रू श्रोत्याच्या कानाला लागल्यावांचून राहिलें नसेल. सत्याचा पुत्र देवाला विचारतो: तुझी दया मला ठाऊक आहे, पण सत्याचें काय झालें? शूलावर चढलेल्यांचा हिशेब कोणीं द्यावयाचा?

पुष्कळ प्रवचनकार या ठिकाणीं योनाला हंसतात. कोत्या मनाचा, आपल्या जातीपलीकडे न पाहणारा, असा त्याच्यावर शिक्का मारतात. हा शिक्का सोपा आहे, आणि अन्यायाचा आहे. लाखीशचे शिल्पपट ज्यानें पाहिले असतील त्याला योनाला हंसणें जमणार नाहीं. क्षमा करणारा देव. पण मार खाल्ला तो दुसऱ्यांनीं. ज्याची जखम त्याला न विचारतां दिलेली क्षमा ही दया कीं उपेक्षा, हा योनाचा आक्षेप आहे, आणि तो पोकळ नाहीं. विशेष म्हणजे परमेश्वरहि त्याला दटावीत नाहीं. तुझें रागावणें योग्य आहे काय, एवढेंच विचारतो, आणि उत्तराची वाट पाहतो.

योना नगराबाहेर पूर्वेला छप्पर घालून बसला. अजून कांहीं घडेल अशी आशा असावी. रातोरात एक रोप उगवून त्याच्यावर सावली झाली. दुसऱ्या पहांटे किड्यानें तें खाल्लें, ऊन आणि पूर्वेचा झोत सुरू झाला, आणि योना पुन्हा मरण मागूं लागला. हें रोप कसलें? हिब्रू शब्द 'किकायोन'. अनेक विद्वानांच्या मतें तो एरंड होय. भराभर वाढणारा, रुंद पानांचा, पोकळ दांड्याचा एरंड डोळ्यांपुढें आणला कीं कथा चपखल बसते. पण या रोपावरून एके काळीं मोठा दंगा झाला होता. जेरोमनें लॅटिन भाषांतरांत भोपळ्याऐवजीं 'आयव्ही' वेलीचें नांव घातलें; आफ्रिकेंतील ओएया येथें, म्हणजे आजच्या त्रिपोलींत, तो नवा शब्द वाचतांच मंडळींत इतका गोंधळ उडाला कीं, बिशपाची धडगत राहीना. ऑगस्टीननें इ. स. ४०३ मध्यें जेरोमला पत्र लिहून ही हकीकत कळविली. माणसें एका नगराच्या जीवितापेक्षां भोपळ्याच्या वेलीवरून लौकर रागावतात, हें योनाच्या पुस्तकाचें म्हणणें त्याच्या वाचकांनींच सिद्ध करून दिलें!

आतां परमेश्वराचें शेवटचें बोलणें. ज्या रोपासाठीं तूं राबला नाहींस त्याची तुला कींव आली. मग ज्या नगरांत आपला उजवा हात कोणता व डावा कोणता हेंहि न समजणारीं १,२०,००० हून अधिक माणसें आहेत, आणि पुष्कळ गुरेंहि आहेत, त्या नगराची मला येऊं नये काय, असा त्याचा आशय आहे. या बोलण्यांत जें नाहीं तें आधीं पाहावें. निनवे निर्दोष आहे, असें परमेश्वर म्हणत नाहीं. अश्शूरचे गुन्हे लहान होते, असेंहि म्हणत नाहीं. आणखी आश्चर्य म्हणजे त्यांनीं पश्चात्ताप केला म्हणून सोडलें, असेंसुद्धां तो येथें म्हणत नाहीं. योनाचा न्याय एका नगराविषयीं आहे. परमेश्वर त्या नगरांतलीं माणसें मोजतो. उजवें-डावें न कळणारीं तीं मुलें, असें कांहीं टीकाकार म्हणतात. धर्म न कळणारे सर्वच नगरवासी, असें दुसरे म्हणतात. पहिला अर्थ अधिक पटणारा आहे, कारण लगेच गुरांचा उल्लेख येतो. ज्यांनीं कोणाची कातडी सोलली नाहीं, अशांची ही मोजदाद आहे. आणि या प्रश्नावर पुस्तक संपतें. योनानें काय उत्तर दिलें, तो उठून घरीं गेला कीं तेथेंच बसला, हें कथाकार सांगत नाहीं.

न्याय झाला नाहीं असें मात्र नाहीं. इ. स. पूर्व ६१२ मध्यें बाबेलचा नबोपोलासर आणि मेदी लोकांचा राजा सायाक्सारीस यांनीं तीन महिन्यांच्या वेढ्यानंतर निनवे घेतलें व जाळून टाकलें. बाबेलच्या बखरींतील ही हकीकत गॅड या विद्वानानें १९२३ सालीं प्रसिद्ध केली. लाखीशच्या पटावरील सन्हेरीबाचा चेहरा कोणीतरी मुद्दाम छिन्नीनें फोडलेला आहे; तें बहुधा त्याच वेळचें काम. जुन्या करारांत याच पतनावर एक स्वतंत्र पुस्तक आहे, संदेष्टा नहूम याचें. हिब्रू काव्यांत त्याच्या तोडीचें ज्वलंत काव्य थोडेंच सांपडेल. रथांची घरघर, भाल्यांचें चकाकणें, पायाला अडखळणारीं प्रेतें; आणि त्या सर्वांतून ओसंडणारा आनंद. नहूमहि देवाच्या गुणांची तीच माळ जपतो. पण 'मंदक्रोध' या पदाशेजारीं तो 'दोषीला सोडणार नाहीं' हें पद ठेवतो, जें योनानें गाळलें. आणि नहूमाचें पुस्तकहि प्रश्नावरच संपतें: निनवेच्या दुष्टतेचा मार ज्याला बसला नाहीं असा कोण आहे? साऱ्या बायबलांत प्रश्नानें संपणारीं अशीं पुस्तकें हीं दोनच, आणि दोन्ही निनवेविषयीं. ग्रीक भाषांतरांत तीं एकापाठोपाठ एक ठेविलीं आहेत. संग्राहकांना यांपैकीं एक गाळतां आलें असतें. त्यांनीं गाळलें नाहीं.

निनवेच्या दक्षिण बाजूच्या हलझी नांवाच्या वेशींत १९८९ व १९९० सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या स्ट्रोनॅक यांनीं उत्खनन केलें. त्या अरुंद वाटेंत, जळून कोसळलेल्या राडारोड्याखालीं, इ. स. पूर्व ६१२ च्या त्या शेवटच्या दिवशीं पडलेल्यांचे सांगाडे निघाले. त्यांत बाणांचीं टोंकें होतीं. सांगाड्यांत सैनिकांबरोबर लहान वयाचेहि होते.

पुढें नगराचें नांवसुद्धां जागेवर राहिलें नाहीं. इ. स. पूर्व ४०१ मध्यें ग्रीक सेनानी झेनोफोन त्या तटावरून गेला, पण हें निनवे, हें त्याला ठाऊक नव्हतें. १८२० सालीं या टेंकाडांची मोजणी करणारा क्लॉडियस रिच हा ईस्ट इंडिया कंपनीचा बगदाद येथील वकील. त्याचें लग्न १८०८ सालीं मुंबईस झालें होतें, आणि मुंबईच्या लिटररी सोसायटीचे संस्थापक सर जेम्स मॅकिन्टॉश हे त्याचे सासरे. नगर मातींत गेलें, योना मात्र सर्वत्र राहिला. कुराणाच्या दहाव्या सुऱ्याला त्याचेंच, यूनुस हें, नांव आहे. सुरियानी ख्रिस्ती लोक निनवेच्या नांवानें तीन दिवसांचा उपास करतात. केरळांतहि तो पाळला जातो. आणि यहुदी लोक प्रायश्चित्ताच्या दिवशीं, उपासानें थकलेल्या तिसऱ्या प्रहरीं, हें सबंध पुस्तक वाचतात. कोंकणांतून आलेल्या बेने इस्राएल लोकांनीं मुंबईस पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें तें १७९६ सालीं. त्याचें नांव 'शआर हारहमीम', म्हणजे दयेचें द्वार. तें बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर कंपनीच्या फौजेंत असतांना म्हैसूरच्या युद्धांत टिपूच्या कैदेंत पडले होते. टिपूच्या आईनें रदबदली केल्यामुळें त्यांचा जीव वांचला, असें बेने इस्राएलांची परंपरा सांगते. शत्रूच्या घरीं दया मिळालेल्या माणसानें उभारलेल्या त्या मंदिरांत योनाचें वाचन होऊं लागलें.

मोसलसमोरच्या निनवेच्या दोन टेंकाडांपैकीं एकाचें नांव नबी यूनुस. योनाची कबर तेथें आहे अशी समजूत असून तिच्यावर शतकानुशतकें मशीद होती. २४ जुलै २०१४ रोजीं इस्लामिक स्टेटच्या लोकांनीं ती सुरुंगांनीं उडवून दिली, आणि प्राचीन वस्तु विकण्यासाठीं खालीं बोगदे खणले. मोसलचा पूर्व भाग परत मिळाल्यावर २०१७ सालीं संशोधक त्या बोगद्यांत उतरले. कबरीच्या जागेखालीं त्यांना राजवाड्याच्या भिंती लागल्या, आणि त्यांवर राजाचें नांव कोरलेलें होतें. तें सन्हेरीबाच्या पुत्राचें, एसर-हद्दोनाचें, होतें.